न उसवलेली बाही

देवमासा लागला तो नेमका हद्दीच्या ओढ्याच्या तोंडाशी. डोकं आमच्या होल्ट घराच्या वाळूत, शेपूट पलीकडच्या तुंगा घराच्या. एवढा मोठा समुद्र, एवढा लांब किनारा, आणि त्या जनावराला मरायला हीच जागा सापडली. वीस हात इकडे लागला असता तर आम्ही एकट्यांनी खाल्ला असता. वीस हात तिकडे लागला असता तर उपाशीपोटी त्यांना शिव्या घालत बसलो असतो. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं.

पण पोट कुणाचं ऐकत नाही. वसंत नुसता नावाला आला होता. गवत संपलं होतं, गाईंना सकाळी चौघांनी मिळून उभं करावं लागत होतं, आणि सुक्या मासळीच्या कोठीत उंदरांनीसुद्धा येणं सोडलं होतं. तुंगाची अवस्था काही वेगळी नव्हती. म्हणून त्या सकाळी दोन्ही घरांची माणसं सुरे, आकडे आणि टोपल्या घेऊन ओढ्याच्या दोन काठांवर जमली आणि एकमेकांकडे बघत उभी राहिली. पुढे पाऊल कोण टाकणार?

गेल्या शरदात याच किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका ओंडक्यावरून तुंगाच्या ओर्मने आमच्या ब्रांडला ठार मारलं होतं. खोऱ्याच्या सभेने ओर्मला तीन वर्षं देशाबाहेर काढलं आणि प्रकरण मिटलं असं जाहीर केलं. सभेला जाहीर करायला काय जातं? होल्टमध्ये कुणालाही ते मिटलंय असं वाटत नव्हतं, आणि तुंगामध्येही नाही. ब्रांडचा हिशोब आता ओर्मच्या धाकट्या भावाकडे, गेलिरकडे, निघत होता. सगळा हिवाळा दोन्ही घरांतले पुरुष कुऱ्हाड उशाला घेऊन झोपले होते.

शेवटी ओढ्यात पाय घातला तो योरुनने. ब्रांडची आई, घरधनीण, साठीला टेकलेली, आणि मुलगा गेल्यापासून कमी बोलणारी.

"कोल्बेन," तिने पलीकडच्या म्हाताऱ्याला हाक मारली, "दुपारनंतर भरती आहे. तोवर कापला नाही तर हा समुद्राचा."

"मला भरतीची वेळ माहीत आहे," कोल्बेन म्हणाला. ओर्मचा आणि गेलिरचा बाप. पाय अधू, जीभ शाबूत. "पण तुमची माणसं सुरे घेऊन आली आहेत."

"तुमची काय चमचे घेऊन आली आहेत?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"जोड्या लावू," योरुन म्हणाली. "दर जोडीत एक आमचा, एक तुमचा. एकाच्या हातात सुरा, दुसऱ्याच्या हातात आकडा. एक पट्टा निघाला की अदलाबदल. मांस वर जाईपर्यंत तह."

"म्हणजे माझ्या पोराचा गळा तुमच्या सुऱ्याच्या टप्प्यात."

"आणि माझ्या पोराचा तुमच्या. तेच म्हणतेय मी. माझा स्टेनार आणि तुझा गेलिर पहिल्या जोडीत. बाकीचे त्यांच्याकडे बघून वागतील."

कोल्बेनने ओढ्यात उतरून तिच्या हातात हात दिला. दोघांचेही हात गार होते. शस्त्रं काठावर ठेवली गेली, आणि सगळे बाह्या उसवायला बसले.

थंडीच्या दिवसांत आमच्याकडे सकाळी अंगात सदरा घातला की घरातली बाई मनगटापासून कोपरापर्यंत बाही शिवून टाकते, वारा शिरू नये म्हणून. रात्री झोपताना दोरा काढायचा. देवमासा कापायचा तर मात्र बाही आधी उसवून खांद्यापर्यंत चढवावी लागते. नाहीतर चरबी कापडातून वर चढते आणि तो सदरा पुढे कुत्र्यालाही अंथरायच्या लायकीचा राहत नाही. हे लहान पोरालाही ठाऊक असतं. तीस-चाळीस माणसांनी सुऱ्याच्या टोकाने टाके कापले.

गेलिरने कापले नाहीत.

*

स्टेनारला ते दुसऱ्या पट्ट्याच्या वेळी दिसलं.

थोरला मुलगा म्हणून बाप गेल्यावर घराचा भार त्याच्यावर आला होता. त्याला लढायला आवडत नसे, आणि आपल्याला ते आवडत नाही हे लोकांना कळेल याची त्याला त्याहून जास्त धास्ती होती. पहिला पट्टा त्याने कापला आणि गेलिरने ओढला. दुसरा गेलिरने कापला. तेवढा वेळ आकडा ओढताना स्टेनार सुऱ्यावरच लक्ष ठेवून होता. पोरगा काम चांगलं करत होता, सुरा नेहमी स्वतःकडे वळवून धरत होता. तरी त्या मनगटांकडे स्टेनारची नजर पुन्हा पुन्हा जात होती. चरबीने बाही कोपरापर्यंत पिवळी झाली होती.

"बाही उसव की," स्टेनार म्हणाला.

"असू दे."

"सदरा वाया चाललाय."

"थंडी वाजते मला."

आजूबाजूचे हसले. तुंगाच्या माणसाला थंडी! तुंगाचेही हसले. गेलिर तोंडदेखलं हसला आणि त्याने खाली बघितलं. ते खाली बघणं स्टेनारच्या नजरेतून सुटलं नाही. माणूस सदरा कशासाठी वाया घालवतो? बाहीत काहीतरी असल्याशिवाय? अरुंद पातं मनगटापासून कोपरापर्यंत सहज मावतं. वरून शिवून टाकलं की झालं.

तिसरा पट्टा स्टेनारने कापला. चौथ्याला गेलिरने सुऱ्यासाठी हात पुढे केला.

स्टेनारने सुरा दिला नाही.

"पाळी माझी आहे," गेलिर म्हणाला.

"आधी बाही उघड."

"का?"

"मी सांगतोय म्हणून."

बाजूच्या जोडीचा आकडा थांबला. मग त्याच्या बाजूच्या जोडीचा.

*

व्हिगदिस तेव्हा रिकामी टोपली घेऊन वरून खाली येत होती. ब्रांडची बायको. सत्तावीस वर्षांची, आणि सहा महिन्यांत एकदाही चारचौघांत न रडलेली. त्यामुळे होल्टचे लोक तिला जरा भिऊनच असत. ती रडली असती तर बरं झालं असतं असं सगळ्यांना वाटे. ती रडत नाही म्हणजे तिच्या मनात काहीतरी आहे, असा त्यांचा हिशोब.

टोपलीत मांस भरताना तिचं लक्ष गेलिरच्या मनगटाकडे गेलं आणि तिचे हात थांबले.

तो टाका तिच्या ओळखीचा होता. उलटा, आतून घातलेला, करंगळीच्या बाजूला गाठ दडवलेला. होल्टमध्ये लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिल्या आठवड्यात तिला तो शिकवला होता, आणि ती शिकेपर्यंत ब्रांड रोज सकाळी हात पुढे करून कंटाळून उभा राहायचा. या खोऱ्यात तो टाका तीनच बायका घालत. एक सासू. एक ती स्वतः.

तिने टोपली तिथेच ठेवली आणि वर चढून गेली. तिथे ओड्नी, ब्रांडची आणि स्टेनारची धाकटी बहीण, दगडांवर मांस पसरत होती.

"ओड्नी."

"काय वहिनी?"

"तुझा टाका मी ओळखते."

ओड्नीच्या हातातला तुकडा वाळूत पडला. तिने तो उचलला, झटकला, पुन्हा पडू दिला.

"कधीपासून?" व्हिगदिसने विचारलं.

"वहिनी, मी..."

"कधीपासून, एवढंच विचारलं."

"हिवाळा निम्मा सरला तेव्हापासून. त्याच्या आधी नाही. शपथ."

खालून कोल्बेनचा आवाज आला, "तहाचे शब्द काय झाले, योरुन? तुझा पोरगा सुरा देत नाही!" दोन्हीकडची माणसं आता गोल करून उभी होती. सगळ्यांच्या बाह्या वर, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल.

"दादाला काय वाटतंय?" ओड्नीने विचारलं.

"बाहीत पातं आहे असं वाटतंय. आता तो जबरदस्तीने उघडायला जाईल, तो पोरगा हात झटकेल, आणि मग झालंच."

"तू सांग ना त्याला. वहिनी, तुझं ऐकेल तो."

व्हिगदिसने तिच्याकडे नीट बघितलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला ओड्नीचा राग आला. इतका की तोंड कडू झालं. ब्रांड गेला त्या रात्री ही पोरगी तिच्या कुशीत झोपली होती. आता नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. ब्रांडचा सूड घेतला जाणार होता, आणि तिला बोट उचलायचीही गरज नव्हती.

"मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "तुला अडवणारही नाही. तुझं तू बघ."

*

ओड्नी धावत सुटली. वाटेत दोनदा घसरून पडली.

गेलिरला तिने पहिल्यांदा नीट बघितलं ते ब्रांडला आणलं त्या दिवशी. ओर्म घोडा घेऊन पळाला होता, आणि गेलिर ब्रांडचं प्रेत आपल्या घोड्यावर आडवं घालून पायी ओढ्यापर्यंत आला होता, एकटा, हातात काही नसताना. होल्टच्या कुणीही त्याला तिथेच मारलं असतं. नेमकी ओड्नी काठावर होती. "त्याचं डोकं सांभाळ," एवढंच तो म्हणाला होता. ती त्याच्या तोंडावर थुंकली होती.

नंतर मध्यावरच्या गरम झऱ्यावर, जिथे दोन्ही घरांच्या बायका कपडे धुतात, तो आठवड्यातून दोनदा घोड्याला पाणी पाजायच्या निमित्ताने येऊ लागला. घोड्याला गरम पाणी कोण पाजतं? पहिल्या दिवशी तिने त्याला दगड मारला. दुसऱ्या दिवशी शिव्या. पाचव्या-सहाव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की तो आला नाही की आपण वाटेकडे बघतो, आणि ती घरी जाऊन रडली. ब्रांडसाठी रडतेय असं सगळ्यांना वाटलं, तिची समजूत काढण्यात आली, आणि तिला त्याची भयंकर लाज वाटली.

आज उजाडताना झऱ्यावरच तिने त्याच्या बाह्या शिवल्या होत्या. देवमाशाची बातमी तेव्हा कुणाला नव्हती.

"हात हलवू नकोस, सुई टोचेल."

"टोचू दे."

"फार झालं. दुसरा हात कर."

"रात्री हे सगळं उसवायचं जिवावर येतं."

"मग नको उसवूस," ती हसत म्हणाली होती.

आणि हा शहाणा, चाळीस माणसांदेखत, चरबीत कोपरापर्यंत बुडून, तिचा शब्द पाळत होता! माणसं कुणावर जीव लावतील याला काही धरबंद नसतो, पण निदान अक्कल तरी थोडी शिल्लक ठेवावी.

ती गर्दीत शिरली तेव्हा स्टेनारने गेलिरची बाही मुठीत धरली होती. दुसऱ्या हातातला सुरा खाली होता, पण मूठ पांढरी पडली होती. गेलिर हलत नव्हता. त्याच्यामागे तुंगाची माणसं पुढे सरकत होती.

"दादा, थांब."

"तू वर जा."

"त्यात काही नाही. सोड, मी दाखवते."

"ओड्नी, नको," गेलिर म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "योरुनबाई, हिला वर न्या. उसवतो मी. आत्ता उसवतो."

पण उशीर झाला होता. तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला, करंगळीच्या बाजूला दडलेली गाठ अंगठ्याने पुढे आणली आणि दोरा ओढला. एकाच ओढीत बाही कोपरापर्यंत मोकळी झाली. मग दुसरा हात. तीच गाठ, तशीच जागा. तिला ती शोधावी लागली नाही.

आत नुसते हात होते. थंडीने लाल पडलेले, केसाळ, साधे हात.

त्या बाहीत पातं निघालं असतं तर कदाचित सगळ्यांना सोपं गेलं असतं. गाठ कुठे आहे ते न बघता कळण्याचा अर्थ तिथल्या प्रत्येक बाईला समजला, आणि बायकांच्या तोंडांकडे बघून पुरुषांनाही समजला.

"माझी पोरगी," योरुन हळूच म्हणाली. एवढंच.

कोल्बेनचा चेहरा राखेसारखा झाला होता. "गाढवा," तो मुलाला म्हणाला, "साऱ्या खोऱ्यात तुला दुसरी पोरगी मिळाली नाही?"

"नाही मिळाली, बाबा."

स्टेनारने बाही सोडली, पण सुरा आता वर आला होता. कालपर्यंत नुसता ब्रांड होता. आता ब्रांडही आणि बहिणीची अब्रूही. तहाच्या वेळी हात उचलला तर जन्माची नाचक्की, आणि आता गप्प बसला तरी नाचक्कीच. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि शेवटी सगळे बघत होते तिकडेच बघितलं. ओड्नीमागोमाग खाली आलेली व्हिगदिस टोपलीशी उभी होती.

"तू सांग," स्टेनार म्हणाला. "माणूस तुझा गेला. तू म्हणशील ते करतो."

"मी म्हणेन ते?"

"हो."

लाट शेपटीला लागून मागे गेली.

"सगळा हिवाळा हेच चाललंय," व्हिगदिस म्हणाली. "माझ्या ताटात आधी वाढायचं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचं. ही कधी म्हणेल जा, मार. भाऊजी, तुम्हाला मारायचं असतं तर तुम्ही कधीच मारलं असतं. तुम्हाला माझ्या तोंडून हवंय, म्हणजे नंतर सांगता येईल, तिने लावलं म्हणून."

स्टेनारचा चेहरा लाल झाला. ते खरं होतं.

"तुम्ही याला मारा. तीन वर्षांनी ओर्म येईल, तो तुम्हाला मारेल. तोवर मी काय करायचं? वाट बघायची? एकदा दारात उभं राहून वाट बघितली मी. अंधार पडेपर्यंत बघितली. पुन्हा कुणाची बघणार नाही." ती कोल्बेनकडे वळली. "आमच्या घरात एक माणूस कमी आहे. आमचं निम्मं गवत गेल्या साली उभं राहून कुजलं. मला याचं रक्त घेऊन काय करायचंय? रक्ताने गवत कापलं जातं का? हा होल्टला द्या."

"द्या म्हणजे?" कोल्बेनने विचारलं.

"द्या म्हणजे द्या. ब्रांडच्या जागी बसेल, ब्रांडचं काम करेल. ओड्नीला हवा असेल तर तिचा नवरा म्हणून. तुमच्याकडे परत येणार नाही. सणाला नाही, तुमच्या मरणालाही नाही."

"माझा एक समुद्रापार आहे," म्हातारा म्हणाला. "हा एवढाच उरलाय."

"माझा तर एवढाच होता."



"रोज त्याचं तोंड बघवेल तुला?" स्टेनारने विचारलं. आवाजात राग होता, आणि खाली कुठेतरी सुटकाही.

"नाही बघवणार," व्हिगदिस म्हणाली. आणि मग ती रडली, तिथेच, सगळ्यांसमोर, रक्ताने माखलेले हात लांब धरून, कारण तोंड पुसायला कोरडं काही नव्हतं. ओड्नी तिच्याकडे गेली. व्हिगदिसने तिला कोपराने मागे ढकललं. ओड्नी तिथेच उभी राहिली. दुसऱ्यांदा ढकललं, तरी उभी राहिली. तिसऱ्यांदा मात्र व्हिगदिसने ढकललं नाही.

"बाबा," गेलिर म्हणाला, "मी जातो."

"तुला कोण विचारतंय?" कोल्बेन खेकसला. मग स्टेनारसमोर जाऊन उभा राहिला, अधू पाय पुढे टाकत. "माझ्या पोराच्या पाठीत काही घुसलं तर?"

"घुसणार असेल तर समोरून घुसेल," स्टेनार म्हणाला. हे काही सांत्वन नव्हतं. त्याचं त्यालाही ते कळलं. तो थोडा थांबला, आणि चाळीस माणसांदेखत त्याने सुरा उलटा करून मूठ गेलिरकडे केली. "घे. पाळी तुझी आहे."

गेलिरने सुरा घेतला.

"आता तरी कापा रे!" योरुन ओरडली. "समुद्र थांबलाय का तुमच्यासाठी?"

मग माणसं अशी तुटून पडली, जणू प्रत्येकाला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं टाळायचं होतं. शेपटीकडचा भाग समुद्राने नेलाच. तरी दोन्ही घरांना उन्हाळ्यापर्यंत पुरेल एवढं वर गेलं.

संध्याकाळी तुंगाची माणसं ओढा ओलांडून गेली. गेलिर अलीकडच्या काठावर राहिला, बाह्या लोंबत, आमच्या माणसांपासून दहा पावलं दूर. त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. ओड्नी त्याच्याकडे जाऊ धजत नव्हती, कारण व्हिगदिस बघत होती. स्टेनारने सगळ्यांची शस्त्रं परत दिली आणि गेलिरची कुऱ्हाड स्वतःच्या पट्ट्यात खोचली. हे असं किती दिवस चालणार, आणि एखाद्या रात्री कुणाचं डोकं फिरलं तर काय, हे त्या काठावर कुणालाच सांगता आलं नसतं.

कोल्बेन सगळ्यांत शेवटी निघाला. मुलाशी बोलला नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. ओढ्याच्या मध्यावर जाऊन मात्र थांबला. पाणी त्याच्या गुडघ्याला लागत होतं.

"योरुन."

"काय?"

"त्याला सकाळी जाग येत नाही. पहिल्या हाकेला ओ देतो आणि कूस बदलतो. दुसरी मारावी लागते."

योरुन पाण्याच्या कडेला आली.

"ब्रांडला तीन माराव्या लागायच्या," ती म्हणाली. "मारीन मी."